गावातल्या शहीद जवानाची आठवण जपायची आहे? कोकणातल्या गावासाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय करायचं

कोकणात काही गावांत जुन्या चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली असते. इंग्रजीत असते, ब्रिटिशांच्या काळातली. त्यावर एवढंच लिहिलेलं की या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नाव एकाचंही नाही. कोण होते ते, कुठल्या वाडीतले, कोणाच्या घरातले, गावात विचारलं तर आता कोणाला सांगता येत नाही. आणि ही फक्त शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नाही बरं का, ६२, ६५, ७१ च्या लढाईत गेलेल्यांचंही हळूहळू तेच होत चाललंय, फोटो भिंतीवर असतो पण पलटण कुठली, कुठे पडले, काही माहीत नसतं.

म्हणून माझं पहिल्यापासून म्हणणं आहे की स्मारक, कमान, पुतळा हे सगळं नंतर. आधी माणसाचं नाव पूर्ण आणि अचूक मिळवायचं, आणि ते दरवर्षी गावात मोठ्याने वाचलं जाईल अशी सोय करायची. बाकी सगळं त्याच्या भोवती. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे, जमलं तर क्रम मोडू नका.

आधी घरी जा

ग्रामपंचायतीत ठराव नको, मंडळाची मिटींग नको, व्हॉट्सॲप ग्रुप तर नकोच, पहिलं पाऊल म्हणजे त्या घराची पायरी चढायची. गावातलं एखादं जाणतं माणूस आणि शक्य असेल तर एखादे निवृत्त फौजी काका बरोबर घ्या, दोघं-तिघंच जा, मोबाईल खिशात ठेवा. वीरमाता असतील, वीरपत्नी असतील, भाऊ-भावजय असतील, त्यांना सरळ विचारायचं की आम्हाला असं असं मनात आहे, तुम्हाला चालेल का, आणि तुम्हाला काय वाटतं. काही घरांना काहीच नको असतं आणि त्यांच्या त्या नकाराचाही मान ठेवायचा, सहा महिन्यांनी परत चहाला जा पण मागे लागू नका.

एक नाजूक गोष्ट स्पष्ट लिहितो. पेन्शन, मिळालेली रक्कम, जमीन यावरून आईवडील आणि सून यांच्यात कधीकधी अबोला असतो. गावाने त्यात न्यायनिवाडा करायचा नाही. दोन्हीकडे वेगवेगळं जायचं, दोघांची नावं पत्रिकेत घालायची. वीरपत्नीने दुसरं लग्न केलं असेल तरी तिला मानाने बोलवायचं, तिचं नातं त्या माणसाशी होतं ते कोणी पुसू शकत नाही. आणि हळदीकुंकू, दीपप्रज्वलन, ओटी यात तिला मागे बसवायचा प्रकार आता तरी बंद झाला पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात तसा ठराव झाला नसेल तर स्मारकाच्या आधी तो करा, तो त्या जवानाचा मोठा सन्मान होईल.

नाव, नंबर, हुद्दा, पलटण

आता खरं काम. एक वही घ्या आणि वरती लिहा: पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, सैनिक नंबर, हुद्दा, पलटण किंवा जहाज, जन्मतारीख, कुठे आणि कधी वीरगती, गाव आणि वाडी. हे रकाने पुराव्याने भरायचे, "लोक म्हणतात" वर भरायचे नाहीत. ऐकीव माहितीसाठी वहीत वेगळं पान ठेवा.

पुरावा बहुतेक वेळा घरातच असतो. माळ्यावरची काळी पत्र्याची ट्रंक उतरवा, तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव रंगवलेलं असतं, रंग उडाला असेल तर बॅटरीचा उजेड बाजूने तिरका मारून बघा, अक्षरांच्या कडा दिसतात. मग पत्रं. फौजेतून आलेल्या इनलँडवर मागे पाठवणाऱ्याचा नंबर, कंपनी, पलटण आणि "द्वारा ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय) असं असतं, एका पत्रातून अर्धी वही भरते. मेडल असेल तर त्याची कड बघा, पुढची-मागची बाजू नव्हे, कड. पहिल्या महायुद्धाच्या मेडलवर कडेला बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. काही घरांत साधारण १२ सेंटीमीटरची ब्राँझची गोल थाळी सापडते, त्यावर त्रिशूळ धरलेली बाई आणि सिंह, आणि चौकटीत जवानाचं नाव. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या वारसांना ती दिली जायची. त्या थाळीवर हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, शिपाई काय आणि जनरल काय, फक्त नाव.

घरात काही नसेल तर गावात शोधा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पूर्ण नाव आणि जन्मतारीख मिळते. तलाठ्याकडे जुने फेरफार काढा, वारस नोंदीत खातेदार कधी मयत झाला ते लिहिलेलं असतं, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही आणि नेमकी तिथेच तारीख सापडते. फार जुने कागद मोडी लिपीत असतील, तर मोडी वाचणारं माणूस गाठा, अंदाजाने वाचू नका.

म्हाताऱ्या माणसांशी बोलून घ्या, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. "तेव्हा कसं वाटलं" असं विचारू नका हो, त्याने फक्त जखम उघडते. विचारा की सुट्टीवर आला की काय आणायचा, शिमग्याला पालखी नाचवायचा का, शेवटचा निघाला तेव्हा कोण एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलं होतं, तार आली ती कोणी वाचून दाखवली. यातून माणूस उभा राहतो.

जिल्ह्यांच्या आणि नावांच्या घोळात अडकू नका

रेकॉर्ड शोधताना कोकणातली माणसं इथेच अडकतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, त्याआधी मालवण, कणकवली, देवगड सगळं रत्नागिरीत. रायगडचं नाव तेव्हापर्यंत कुलाबा. म्हणजे महाडचा माणूस "कुलाबा" खाली सापडणार. सावंतवाडी वेगळं संस्थान होतं आणि मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा जंजिरा संस्थानात, त्यामुळे जुन्या नोंदीत जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव असू शकतं. इंग्रज कारकुनाने गावाचं नाव कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय हे धरूनच चाला. सावंत, घाडगे, शिर्के या आडनावांची तीन-चार स्पेलिंग करून बघा, आणि आडनावच लावलेलं नसेल तर नुसतं पहिलं नाव आणि वडिलांचं नाव टाकून बघा.

महार पलटणीतल्या पूर्वजांचा शोध फार मागे जात असेल तर नावाच्या शेवटी "नाक" असतं हे लक्षात ठेवा. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सैनिकांची जी ४९ नावं आहेत त्यातली २२ अशी नाकान्त आहेत. दापोलीला आजही कॅम्प म्हणतात ते उगाच नाही, पेन्शनर फौजींची वस्ती होती तिथे, बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर तिथेच राहिले होते. खेड, दापोली, मंडणगड, महाड भागात फौजेत पिढ्यानपिढ्या गेलेली घरं आहेत, तिथे शोधाल तेवढं सापडेल.

कुठल्या दारात जायचं

दोन महायुद्धांतला जवान असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत गेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साईटवर शोधा, फुकट आहे. त्यांची मुदत लक्षात ठेवा: पहिल्या महायुद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत सेवेत असताना गेलेले त्यात धरले आहेत, म्हणजे लढाई संपल्यावर आजाराने इस्पितळात गेलेलाही असू शकतो. हिंदू जवानांचं बहुतेक ठिकाणी दहन झालं म्हणून थडगं सापडणार नाही, नाव स्मारकाच्या भिंतीवर असतं. मेसोपोटेमियात म्हणजे आताच्या इराकमध्ये मराठा पलटणी मोठ्या संख्येने होत्या, तिथल्यांची नोंद बसरा स्मारकावर. फ्रान्समधले नव शापेल स्मारकावर, इटलीतले कसिनोला किंवा सांग्रो नदीच्या स्मारकावर, ब्रह्मदेशातले रंगूनला, सिंगापूर-मलायातले क्रांजीला.

बसऱ्याबद्दल एक गोष्ट मनाला लागते. ४० हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक, पण दगडावर नावं ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची, साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनिहाय नुसता आकडा. म्हणजे आपल्या गावच्या पाटीवर जे झालं तेच तिकडे. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्या अहवालात असा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. नावं रजिस्टरमध्ये आहेत, आता ऑनलाईन दिसतात. तुमच्या गावातला माणूस यादीत नसेल आणि तुमच्याकडे कागद असतील तर त्यांना पाठवा, ते तपासून नाव वाढवतात.

दर्यावर गेलेल्यांना विसरू नका, हे तर खास आपल्या किनाऱ्याचं. रत्नागिरी, राजापूर, दापोलीकडची कितीतरी माणसं बोटीवर खलाशी होती, त्यात कोकणी मुसलमान खूप, आणि युद्धात बोटी बुडाल्या तेव्हा त्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही. पहिल्या महायुद्धातल्या अशा २ हजारांहून जास्त नाविकांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांनी एक सुट्टी काढून आधी विचारून तिथे जावं.

स्वातंत्र्यानंतर गेलेले असतील तर दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं, त्याच्या त्यागचक्रात ग्रॅनाईटवर २५ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत आणि त्यांच्या साईटवर नाव शोधता येतं. घरच्यांना दिल्लीला न्यायचं ठरवलंत तर आधी पलटणीमार्फत कळवा, तिथे संध्याकाळी जवानाच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहायची पद्धत आहे.

पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं: मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिकरोडला. पण थेट पत्र टाकण्याआधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रायगडचं अलिबागला, रत्नागिरीचं रत्नागिरीत, सिंधुदुर्गचं ओरोसला. अर्ज वारसाच्या सहीने करा, तिऱ्हाईताला माहिती देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. हरवलेल्या मेडलसाठीही तिथूनच सुरुवात होते.

पावसापासून वाचवा

आपल्याकडे चार महिने हवेत इतका ओलावा असतो की कागदाचा शत्रू नंबर एक तोच. आधी सगळ्याचे फोटो काढा, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, आणि कॉपी तीन ठिकाणी ठेवा, एक गावात, एक मुंबईच्या भावाकडे, एक ऑनलाईन. मूळ पत्रं आणि फोटो लॅमिनेट करायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी. लॅमिनेशन परत निघत नाही आणि आतला ओलावा आतच राहतो. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेवरूनच त्याचा फोटो घ्या. फ्रेम चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ती भिंत पाणी पिते, आतल्या भिंतीवर लावा आणि मागे बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल. कागद साध्या सुती कापडात, घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि ऑक्टोबर लागला की बाहेर काढून सावलीत वारा द्यायचा. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका.

मेडल आणि ब्राँझच्या थाळीला चिंच, लिंबू, पितांबरी काही लावायचं नाही. देवाच्या भांड्यासारखी घासली की चमकतात खऱ्या, पण तेवढीच कडेची अक्षरं झिजतात, आणि आपण तर त्या अक्षरांसाठीच सगळं करतोय. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस. शवपेटीवरचा तिरंगा घरच्यांना दिलेला असतो, तो घडी करून कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात.

पाटी किंवा स्मारक

पुतळ्याच्या मागे लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. परवानग्या जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातात, रस्त्यात-चौकात पुतळ्यांना २०१३ पासून सुप्रीम कोर्टाची मनाई आहे, खर्च मोठा, आणि चेहरा जमला नाही तर रोज त्याच्याकडे बघून आईला त्रास. नाव कोरलेला दगड पुरेसा आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या चौकीवर चालून गेले आणि तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. माणगावात त्यांचं स्मारक आहे, आणि २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावानेही त्यांच्या नावाचं स्मारक केलं, तेही एक साधं सूर्यघड्याळ.

गावात २०२३ च्या "माझी माती माझा देश" मोहिमेतला शिलाफलक असेल तर आधी त्यावर नाव आहे का, बरोबर आहे का ते बघा. नवीन पाटी करायची तर ग्रामसभेत ठराव घ्या, जागा ग्रामपंचायतीची किंवा शाळेची असू दे, खासगी जागा दिली तर पुढच्या पिढीत भांडण ठरलेलं.

दगडाचं सांगतो. जांभ्यावर अक्षरं टिकत नाहीत, सच्छिद्र असतो. संगमरवर दोन पावसांत शेवाळतो. लोखंडाला खारी हवा खाते. काळा ग्रॅनाईट घ्या, अक्षरं खोल कोरून घ्या, नुसती रंगवलेली नकोत, कारण रंग उडेल पण खोदलेलं बोटाने तरी वाचता येईल. स्टेनलेसचे बोल्ट ३१६ ग्रेडचे मागा, साधे ३०४ समुद्राजवळ डाग धरतात. आपला पाऊस नैऋत्येकडून मारतो, म्हणून तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, आणि पागोळ्या खाली पडतील किंवा फणसाचा चीक ठिबकेल अशी जागा नको.

मजकूर: हुद्दा, पूर्ण नाव, नंबर, पलटण, जन्म, वीरगतीची तारीख आणि ठिकाण. बस. एकापेक्षा जास्त जवान असतील तर वीरगतीच्या सालाप्रमाणे नावं, वाडीप्रमाणे नाही, जातीप्रमाणे नाही, हुद्द्याप्रमाणे नाही, सगळ्यांचं अक्षर एकाच मापाचं. उद्घाटकांचं आणि देणगीदारांचं नाव या दगडावर अजिबात नको, फार वाटलं तर बाजूला वेगळी छोटी पाटी. कोरायला टाकण्याआधी मजकूर कागदावर घरच्यांना दाखवा आणि त्यांची सही घ्या, ऱ्हस्व-दीर्घापासून सगळं.

कार्यक्रमाचा दिवस

घरचं श्राद्ध तिथीने होतं, ते त्यांचं, तिथे गावाने गर्दी करू नये. गावाचा कार्यक्रम तारखेने. पण कारगिलमध्ये गेलेल्यांची तारीख मे ते जुलैमध्ये येते, पाऊस लागला की गाव लावणीत असतं. मग त्या तारखेला सकाळी शाळेची मुलं आणि घरचे मिळून फुलं वाहा, आणि मोठा कार्यक्रम १६ डिसेंबर किंवा २६ जानेवारीला घ्या. चाकरमानी हवे असतील तर मे महिन्याची सुट्टी बरी, गणपतीत कोणाचं लक्ष नसतं आणि परतीच्या गाड्यांची घाई.

क्रम साधा ठेवा. नावं वाचायची, हुद्दा-पलटणीसकट, हळू. मग दोन मिनिटं शांतता. मग पुष्पचक्र, पहिलं घरच्यांचं, नंतर माजी सैनिक, नंतर सरपंच आणि बाकी सगळे. बिगुल वाजवणारं कोणी असेल, जवळच्या कॉलेजची एनसीसी असेल तर विचारा. भाषणं दोनच, त्यातलं एक त्याच्या पलटणीतल्या कोणाचं तरी. वीरमातेला पुढच्या रांगेत सावलीत खुर्ची द्या, स्टेजवर तासभर बसवून ठेवू नका. अनावरणाला दगडावर तिरंगा घालायचा नाही, ध्वजसंहितेत त्याला मनाई आहे, साधं पांढरं किंवा भगवं कापड चालतं. घर मुसलमान असेल तर फोटोला हार घालण्याआधी विचारा, दुवा करायला वेळ ठेवा. बौद्ध घर असेल तर त्रिसरण-पंचशील, मालवण-वेंगुर्ल्याकडचं ख्रिस्ती घर असेल तर चर्चमधली मिस्सा धरून वेळ ठरवा.

पैशाचा हिशोब वहीत आणि वही ग्रामसभेत. घरच्यांच्या नावाने वर्गणी मागायची नाही. लोकांना द्यायचंच असेल तर ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधी आहे.

पुढच्या वर्षी

शाळेशी बोलून ठेवा. दरवर्षी सातवीतल्या मुलांनी एका जवानाचं पान तयार करायचं, नकाशावर बसरा, कसिनो, द्रास, जाफना कुठे आहे ते दाखवायचं आणि कार्यक्रमात नावं त्यांनीच वाचायची. मुलं घरी जाऊन आजीला विचारतात, मग आणखी एखादी ट्रंक उघडते.

दगडाची देखभाल कोणाकडे ते नावानिशी ठरवा, "गाव बघेल" म्हणजे कोणीच बघत नाही. पाऊस संपला की ऑक्टोबरात साधं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश, ॲसिड आणि तारेचा ब्रश नाही. नवरात्राच्या साफसफाईबरोबर जोडलंत तर विसरत नाही. आणि दगड करून घेतानाच खाली तीन-चार ओळींची जागा कोरी सोडायला कारागिराला सांगा, कारण शोध सुरू झाला की भावकीतून, मुंबईच्या खोल्यांतून कागद निघायला लागतात आणि महायुद्धातलं एखादं राहिलेलं नाव दोन वर्षांनी पुराव्यासकट हातात येतं, तेव्हा त्याच दगडावर, त्याच मापाच्या अक्षरात ते घालता आलं पाहिजे.